परसात रान माजलंय, रोटाव्हेटर फिरवू का?

१. दहा मिनिटांचं काम

परसबागेविषयी लोक सर्वांत जास्त विचारतात ते भाजीबद्दल नाही, गवताबद्दल. घर दोन पावसाळे बंद राहिलं. माणसं ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुण्याला नोकरीला गेली, आजी थकली, बोअर आटला. कारण काही असो, परतल्यावर दिसतं ते सारखंच. वांगी-मिरच्यांच्या जागी गाजरगवत कमरेला लागतं, आळ्यांचा पत्ता नसतो आणि कुंपणाची वेडी बाभूळ आत शिरलेली असते. मग शेजारी म्हणतो, "रोटाव्हेटर हाय की माझा. दहा मिनिटांत भुगा करतो."

हिंगोली जिल्हा सोयाबीन आणि हळदीचा. रोटाव्हेटर इथे गावोगाव आहे आणि शेजारधर्मही आहे, त्यामुळे हा मोह टाळणं अवघड. तरी उत्तर आहे : बहुतेक परसांत नको. दहा मिनिटांनी जमीन काळीभोर आणि मोकळी दिसेल, पण पहिल्या दोन पावसांत आधीपेक्षा दाट गवत उगवेल. असं का होतं ते समजलं, की बाकीचं काम आपोआप सुचत जातं.

२. आधी फक्त बघा

पहिल्या दिवशी विळा उचलू नका. पायात बूट, हातात काठी घ्या आणि दिवसाउजेडी कडेकडेने फिरा. काठी आपटत चला. माजलेलं गवत, पडकी भिंत, गोवऱ्यांचा किंवा सरपणाचा ढीग या घोणस, नाग, मण्यार आणि विंचवांच्या आवडत्या जागा. गवत कापायचं तेही वरून खाली, टप्प्याटप्प्याने, आणि हात घालायच्या आधी काठीने हलवून. साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. प्रतिविषाची लस तिथे मिळते.

फिरताना दोन गोष्टी हेरायच्या. पहिली, काय वाचवायचं. शेवगा, कढीपत्ता, लिंबू, आळूचं बेट, कोपऱ्यातली हळद ही मंडळी दुर्लक्ष सोसून जगतात. त्यांना जुन्या साडीची चिंधी बांधून ठेवा, म्हणजे मजुराच्या कोयत्यातून सुटतील. दुसरी, गवतात कोण कोण आहे. वरून सगळं हिरवंच दिसत असलं तरी त्यात तीन वेगळी कुळं असतात.

एक कूळ वर्षायूंचं : गाजरगवत, तरोटा, माठ, कुर्डू. ही बियांवर जगतात. एका हंगामात उगवतात, बी टाकतात, मरतात. दुसरं बहुवर्षायूंचं : लव्हाळा, हरळी आणि काळ्या रानातला तो कुप्रसिद्ध कुंदा. यांचं खरं घर जमिनीखाली असतं. वरचं पान कापलं तरी त्यांना फारसा फरक पडत नाही. तिसरं कूळ दोन्हीकडचं. केना पाहा. त्याच्या खोडाचा तुकडा ओल्या मातीत पडला की मुळं धरतो, आणि तो वर फुलतोच, शिवाय जमिनीखालीही बारीक फुलं धरून तिथेच बी करतो. खुरपणाऱ्या बायका त्याच्यावर इतक्या वैतागलेल्या का असतात, ते यावरून कळावं.

जाता जाता : यातलं बरंचसं खाण्याजोगं आहे. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुंजर आणि पहिल्या पावसातला कोवळा तरोटा यांची भाजी मराठवाड्यात घरोघर होते. न्हाणीचं सांडपाणी साचत नसेल आणि कुणी फवारलेलं नसेल, तर परस साफ करण्याची सुरुवात भाजीच्या टोपलीने करायला हरकत नाही. मी तर म्हणेन, घोळीचा एक कोपरा राखूनच ठेवावा.

३. मातीत पुरलेली वर्षं

वर्षायू तणांचं बळ बियांत आहे, आणि बी गवतावर कमी, मातीत जास्त असतं. दरवर्षी पडणाऱ्या बियांपैकी थोडंच लगेच उगवतं. बाकीचं खाली झोपून राहतं आणि ओल, ऊब, उजेड जुळून येण्याची वाट बघतं. ही झोप किती लांब असू शकते?

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये एक प्रयोग लावला. वीसएक जातींच्या वनस्पतींचं प्रत्येकी ५० बी ओलसर वाळूत मिसळून त्याने अशा २० बाटल्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून बी पेरून पाहायचं, असा बेत. बील गेला, पण प्रयोग पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवला. २०२१ मध्ये, म्हणजे १४२ वर्षांनी काढलेल्या बाटलीतलंही काही बी उगवलं. सगळ्या जाती एवढ्या चिवट नसतात हे खरं, पण दोन पावसाळ्यांचं दुर्लक्ष म्हणजे बियांच्या दृष्टीने काहीच नाही.

आता आपल्या परसातला हिशेब करू. गाजरगवताचं एक दणकट झाड दहा हजारांवर बी टाकतं. त्यातलं शंभरात एकच उगवलं असं धरा. तरी शंभर रोपं झाली. दहा फूट बाय चार फुटांच्या वाफ्यात, म्हणजे चाळीस चौरस फुटांत, फूटभर जागेला दोन ते तीन रोपं. हे फक्त एका झाडाचं.

हे गाजरगवत आपल्याकडे तसं नवखं आहे. भारतात त्याची ठळक नोंद पहिल्यांदा झाली ती पुण्यात, १९५५ च्या सुमारास. पुढच्या काही दशकांत ते देशभर पसरलं. काहींना त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात, परागकणांनी शिंका आणि दमा होतो. म्हणून हातमोजे घालून, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, पाऊस पडून गेल्यावर मऊ मातीतून ते मुळासकट उपटावं, आणि मुख्य म्हणजे पांढरी फुलं यायच्या आत. त्याला खाणारा एक भुंगा १९८३ मध्ये मेक्सिकोहून बेंगळुरूला आणून पुढे सोडला गेला. परभणीच्या कृषी विद्यापीठानेही तो शेतकऱ्यांना पुरवला आहे. पावसाळ्यात गाजरगवताच्या पानांची चाळण झालेली दिसली, तर काम त्याचंच. पण भुंगा गायरानावर उपयोगी. घरच्या परसात हातच भरवशाचे.

रोटाव्हेटर नेमकं काय करतो ते आता दिसेल. खाली झोपलेलं बी तो वर, उजेडात आणतो आणि या वर्षीचं ताजं बी पुढच्या वर्षांसाठी खाली पुरतो.

४. लव्हाळ्याची वाटणी

बियांवरचं तण त्रास देतं, पण ते हरतं. लव्हाळा हरत नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांची यादी १९७७ मध्ये काही तणशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली, तिच्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याचाच होता. त्याचं पान तिकोनी दांड्यावरचं, साधंसुधं दिसतं. उपटलं की हातात फक्त पान येतं आणि खाली वीतभर मातीत काळपट, शेंगदाण्याएवढ्या गड्ड्यांची माळ शाबूत राहते. गड्डे एकमेकांना तारेसारख्या बारीक मुळखोडांनी जोडलेले असतात.

या माळेचा स्वभाव समजून घेण्याजोगा आहे. एका गड्ड्याने कोंब काढला की तो जोडलेल्या बाकीच्या गड्ड्यांना उगवू देत नाही. तसे संदेश त्या बारीक मुळखोडांतून जातात. एकत्र कुटुंबात कर्ता व्यवहार बघतो तोवर धाकटे भाऊ गप्प असतात आणि वाटणी झाली की प्रत्येकाची चूल वेगळी पेटते, तसं हे आहे. रोटाव्हेटरचं पातं ही माळ तोडतं, आणि जिथे एक कोंब होता तिथे सात-आठ फुटतात. हरळीची गोष्ट थोडी वेगळी, पण निकाल तोच. तिच्या प्रत्येक पेराला कोंब असतो, त्यामुळे दहा तुकडे म्हणजे दहा हरळ्या.

मग यांना धरायचं कुठे? दोघांचेही दोन कच्चे दुवे आहेत.

पहिला, कडक ऊन. गड्डा मातीत असतो तोवर ओल धरून असतो. उघड्यावर, एप्रिल-मेच्या हिंगोलीच्या उन्हात तो काही दिवसांत वाळून मरतो. म्हणून खणायचं ते उन्हाळ्यातच, कुदळीने किंवा टिकावाने, वीतभर खोल, मोठी ढेकळं उलटी पाडत. बारीक करायची नाहीत. ढेकळं आठवडाभर तापू द्यायची, मग हाताने फोडून गड्डे आणि मुळं वेचायची. वेचलेलं घमेल्यात भरून पत्र्यावर पसरा. उकिरड्यावर टाकलंत तर तेच खतातून परत येईल. नीट वाळलेल्या गड्ड्यांना सुगंध येतो. आयुर्वेदात लव्हाळ्याला मान आहे, तो या गड्ड्यांमुळे.

दुसरा दुवा सावली. लव्हाळा आणि हरळी दोन्ही उन्हाची भुकेली. वर दाट पाल्याचं छत आलं की ती रोडावतात आणि नवे गड्डे धरायला त्यांच्याकडे अन्न उरत नाही. कोंब वर आल्यापासून साधारण महिन्याभराने नवे गड्डे धरू लागतात, म्हणून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी खुरपं फिरलं पाहिजे. एकदा खुरपून महिनाभर विसरलात, तर लव्हाळ्याने तेवढ्यात आपली पुढची पिढी तयार ठेवलेली असते.

५. वाफसा

तणाइतकाच मातीचाही विचार करावा लागतो. कयाधू, पूर्णा आणि पैनगंगेच्या काठची ही काळी, चिकणमातीची जमीन. ओली झाली की फुगते, वाळली की आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती ओली असताना तुडवली किंवा खणली की तिच्यातली हवेची पोकळी दाबली जाते आणि वाळल्यावर विटेसारखी ढेकळं होतात. पूर्ण वाळल्यावर खणायला गेलं तर कुदळ उडते. या दोहोंमध्ये काही दिवस असे येतात, की माती ओलसर असते पण चिकटत नाही. यालाच वाफसा म्हणतात.

ओळखायची रीत सोपी आहे. चार बोटं खोलीची मूठभर माती घ्या, दाबून लाडू करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आहे. चेंडूसारखा पडून राहिला तर खुरपं परत खुंटीला. लाडूच होत नसेल तर आदल्या दिवशी हलकं पाणी द्या. उन्हाळ्यातली खणणी तेवढी याला अपवाद, कारण तिथे आपल्याला वाळवणंच हवं असतं.

आणखी एक गोष्ट काळ्या मातीमुळेच येते : वाफे जमिनीपेक्षा वीतभर उंच करायचे. जिल्ह्यात वर्षाला साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा काही मोजक्या दिवसांत. सपाट वाफ्यात पाणी तुंबलं की मिरची आणि टोमॅटो दोन-तीन दिवसांत माना टाकतात. वाफ्याची रुंदी चार फुटांहून जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावाच लागत नाही.

६. पंधरा वाफ्यांचा हिशेब

परस तीस फूट बाय वीस फूट आहे असं समजा. सहाशे चौरस फूट, म्हणजे चाळीस फुटी पंधरा वाफे. एक वाफा नीट खुरपून वेचायला तासभर लागतो असं धरू. पंधरा वाफ्यांना पंधरा तास, आणि हे दर पंधरवड्याला, सोयाबीनच्या खुरपणीच्या दिवसांतच. कोण करणार? सगळं परस एकदम हाती घेणारे श्रावण सरता सरता सोडून देतात आणि भाद्रपदात गवत पुन्हा फुलोऱ्यावर येतं.

चार वाफे घ्या. पंधरवड्याला चार तास, म्हणजे घरातल्या दोघांनी दोन सकाळी. उरलेल्या जागेचं काय करायचं ते पुढे येतंच आहे, पण तिथला एकच नियम आत्ता लक्षात ठेवा : तिथलं गवत कापा, खणू नका, आणि फुलू देऊ नका.

७. रोहिणीपासून दिवाळीपर्यंत

उन्हाळ्यात चार वाफ्यांची जागा खणून, तापवून, वेचून झाली. हाताशी वेळ आणि पन्नी असेल तर अजून एक उपाय आहे. इस्राएलमध्ये १९७० च्या दशकात शेतीशास्त्रज्ञांनी तो रुजवला. जमीन सपाट करून पाणी द्यायचं, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरायचं, कडा मातीने गच्च बुजवायच्या आणि चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. वरच्या थरातली माती पन्नास अंशांच्या पुढे तापते. बरंचसं बी आणि काही रोगांचे जंतू मरतात. काळं प्लास्टिक चालत नाही, कारण ऊन आत जाऊन माती तापायला हवी. या उपायाने लव्हाळा मात्र पुरता जात नाही. वेचणी टाळायला पन्नी अंथरलीत तर फसगत होईल.

मग रोहिण्या, मृग. पहिला दमदार पाऊस झाला की हात शिवशिवतात, पण लगेच पेरू नका. इथे शेतकऱ्यांची जुनी रीत कामाला येते. पहिल्या पावसावर तण उगवू द्यायचं आणि वाफसा येताच वखराची पाळी घालून ते मोडायचं, मग पेरणी. परसात वखराचं काम खुरपं करतं. आठ-दहा दिवसांत वाफा हिरवा होईल. दोन पानांवरचं ते तण वरवर, बोटभर खोलीतच खरवडून काढा. खोल गेलात तर नवं बी वर येईल. जमलं तर असंच दुसऱ्यांदा करा. वरच्या थरातलं उगवण्याजोगं बी असं संपत जातं आणि खालचं झोपलेलंच राहतं.

आता उरलेलं परस. तिथे मृगातच ताग फेका. सुमारे ४४० चौरस फुटांना चारशे ग्रॅम बी पुरतं, आणि दाटच हवा. तो भराभर वाढतो आणि खाली सावली धरतो. शिवाय मुळांच्या गाठींत हवेतला नत्र बांधतो. दीड महिन्याने, फुलं दिसू लागताच कापून तिथेच पसरा. ताग मिळाला नाही तर पसरणारी चवळी किंवा लाल भोपळ्याचे चार वेल सोडा. भोपळ्याची पानं लव्हाळ्यावर जी सावली धरतात, ती कुठल्याही कापडाला जमणार नाही. दिवाळीच्या सुमारास यातले आणखी चार वाफे मेथी, पालकासाठी उघडता येतात.

चालू वाफ्यांवर आच्छादन मात्र हवंच, आणि या बाबतीत हिंगोली श्रीमंत आहे. सोयाबीनचं कुटार आहे. हळद काढायच्या वेळी बांधावर पडणारा हळदीचा पाला आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्या पाल्याला अजून कुणी विचारत नाही, तोवर फुकट घेऊन या. तीन-चार बोटं जाडीचा थर, रोपाच्या बुंध्यापासून थोडा लांब. तणाला उजेड मिळत नाही आणि पाणीही वाचतं. ते किती लागतं हे काढणं सोपं आहे : एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपला वाफा ३.७ चौरस मीटरचा. ऊन तापल्यावर भाजीला दिवसाला पाच मिलिमीटर धरले तर साडेअठरा लिटर, म्हणजे मोठी बादली. चार वाफ्यांना चार बादल्या. आच्छादन असेल तर त्याहून कमी. भांडी धुतलेलं, फार साबण नसलेलं पाणी यात मोजायला हरकत नाही.

खताविषयी एक सावधगिरी. उकिरड्याचं अर्धकच्चं खत म्हणजे तणाचं बियाणंच. जनावराच्या पोटातून कितीतरी बी जिवंत बाहेर पडतं. खत घालण्याआधी ओंजळभर एका डब्यात घेऊन पाणी शिंपडा आणि आठ-दहा दिवस थांबा. डबा हिरवा झाला तर खत अजून तयार नाही.

८. फवारून टाकलं तर?

हा प्रश्न येतोच. ग्लायफोसेट हे औषध पानांतून मुळापर्यंत जातं, लव्हाळ्यावरही काही प्रमाणात चालतं, हे खोटं नाही. पण ते मातीतल्या बियांना काही करत नाही, म्हणजे पुढच्या पावसात पुन्हा तोच प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला. घरापाशी, विहिरीपाशी, पोरं खेळतात तिथे ते आणू नये असं माझं मत आहे. टू-फोर-डी हे तणनाशक तर परसाच्या आसपासही नको. त्याचा वाऱ्यावर गेलेला तुषारही टोमॅटो आणि कपाशीची पानं वाकडी करतो. आणि तणनाशकाचा पंप भाजीवर वापरायचा नाही, कितीही धुतला तरी.

९. पहिल्या वर्षी काय लावायचं

नाजूक, हळू वाढणारी भाजी पहिल्या वर्षी नको. गाजर, कांद्याचं रोप, कोथिंबीर ही तणाखाली दबतात. लवकर पान पसरणारी हवीत : चवळी, गवार, भेंडी, वांगी, अंबाडी, कडेच्या मांडवावर दोडका आणि कारलं. बी ओळीतच पेरायचं, फोकून नाही; ओळ असली की ओळीबाहेर उगवलेलं सगळं डोळे झाकून खुरपता येतं. आपल्या चुनखडीच्या जमिनीत कधी कधी कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तो रोग नसतो, लोहाची कमतरता असते. कुजलेलं खत वाढवत गेलं की ती कमी होते. शंका असेल तर माती तपासून घ्या. कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे सल्लाही मिळतो.

भेंडीत 'परभणी क्रांती' मिळाली तर तीच घ्या. परभणीच्या विद्यापीठाने १९८० च्या दशकात ती काढली, पानांच्या शिरा पिवळ्या पडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देण्यासाठी. ती संकरित नाही, सरळ वाण आहे, त्यामुळे घरचं बी धरता येतं. वाफ्याच्या मधली दोन-तीन निरोगी झाडं राखा आणि त्यांची पहिली भेंडी खाऊन पुढच्या शेंगा तोडू नका. शेजारच्या परसात संकरित भेंडी असेल तर मधमाश्या सरमिसळ करतील. ती टाळायची तर फूल उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी कळीला दोऱ्याची सैल गाठ मारायची. शेंग झाडावरच वाळू द्यायची, पण उकलण्याआधी काढायची, आणि बी राख लावून कोरड्या डब्यात भरून डब्यावर साल लिहायचं.